हिशेबनीस कुमारप्पा आणि आमच्या दुधाच्या पिशव्या

इंजिनीअरिंग कॉलेजच्या मॅगझिनमध्ये चरित्र लिहायचं म्हटलं की विश्वेश्वरय्या, टेस्ला, एडिसन, नाहीतर सरळ कलाम सर. मी ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ते इंजिनीअर नव्हते. ते होते चक्क अकाउंटंट! त्यातही तामिळ, त्यातही ख्रिश्चन. पण त्यांच्या आयुष्यातली ऐन उमेदीची वर्षं गेली ती आपल्यापासून दीड तासावर, वर्ध्याला. त्यांचं नाव जे. सी. कुमारप्पा. गांधीवाल्यांना हे नाव चांगलंच माहीत आहे, पण आपल्या हॉस्टेलमध्ये मी दहा जणांना विचारलं तर नऊ जणांनी क्रिकेटर का म्हणून विचारलं. म्हणून हा लेखनप्रपंच.

त्यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ चा, तंजावरचा. घराणं ख्रिश्चन, त्यामुळे नाव जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस. कुमारप्पा हे नाव त्यांनी पुढे घेतलं, ते त्यांच्या आजोबांचं. लंडनला जाऊन अकाउंटन्सी शिकले, पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथेच होते, मग मुंबईत येऊन ऑडिटची फर्म चालवली. सूट, टाय, हातात काठी, बोलणं-चालणं सगळं साहेबी. १९२७ मध्ये ते अमेरिकेला गेले. सिरॅक्यूज युनिव्हर्सिटीत बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशन केलं आणि मग कोलंबियात पब्लिक फायनान्स.

इथे त्यांची गाडी रुळावरून वळली. तिथल्या एका चर्चमध्ये त्यांनी भारत गरीब का आहे या विषयावर भाषण दिलं. ते पेपरात छापून आलं आणि त्यांचे प्रोफेसर सेलिग्मन यांच्या वाचनात आलं. सेलिग्मन म्हणजे करशास्त्रातलं तेव्हाचं मोठं नाव. त्यांनी हाच विषय एम.ए.च्या प्रबंधाला घ्यायला लावला. आता प्रबंध म्हटला की आकडे आले, आणि आकडे काढणं हा तर कुमारप्पांचा धंदाच. इंग्रज सरकार कर कसा गोळा करतं आणि तो कशावर खर्च करतं याचं त्यांनी ऑडिट केलं. जसं एखाद्या कंपनीचं करतात तसं. सैन्यावर किती, व्याजावर किती, लोकांच्या शिक्षणावर किती. ऑडिट पूर्ण झालं तेव्हा हा साहेबी माणूस आतून बदललेला होता. मला हे फार आवडतं, कारण त्यांना कुणी भाषण देऊन बदललं नाही. त्यांच्याच वहीतल्या बेरजांनी बदललं.

प्रबंध छापायचा म्हणून ते गांधीजींना भेटायला साबरमतीला गेले. तारीख ९ मे १९२९. अंगात सिल्कचा सूट, वेळेच्या आधी पोचलेले. झाडाखाली एक म्हातारे गृहस्थ चरखा चालवत बसलेले दिसले. कुमारप्पा काठीवर रेलून नुसते बघत उभे राहिले. थोड्या वेळाने त्या गृहस्थांनीच नाव विचारलं तेव्हा कळलं की हेच गांधी! मग सिल्कच्या पँटचा विचार न करता हा माणूस शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसला. तिथून उठला तो परत मुंबईच्या ऑडिट फर्ममध्ये काही नीट बसला नाही.

गांधींनी प्रबंध 'यंग इंडिया'त क्रमशः छापला, पण त्याआधी एक काम दिलं. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची पाहणी. हाताशी गुजरात विद्यापीठाचे विद्यार्थी, म्हणजे आपल्याच वयाची पोरं. गावोगावी घरात जाऊन विचारायचं, जमीन किती, बैल किती, कर्ज किती, खायला काय. १९२९-३० ची ही पाहणी. आपण सर्व्हे म्हणजे गूगल फॉर्म समजतो आणि तो पण मित्रांकडूनच भरून घेतो, असो. पुढे मिठाचा सत्याग्रह, 'यंग इंडिया'चं संपादन, तुरुंग हे सगळं ओघाने आलंच. याच काळात त्यांनी कलकत्त्याच्या मेट्रोपॉलिटन बिशपना पत्रं लिहून, लाठ्या चालत असताना चर्च गप्प का आहे, असा जाबही विचारला. मी स्वतः कॉन्व्हेंटमध्ये शिकले, बारा वर्षं सकाळची प्रेअर म्हटली. स्वातंत्र्यलढ्याच्या धड्यात असा एखादा ख्रिश्चन माणूस मला कधी भेटला नव्हता, म्हणून हे खास सांगते.

१५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. मदतीचा पैसा देशभरातून येऊ लागला. राजेंद्रप्रसादांच्या कमिटीचा हिशेब बघायला कुमारप्पांना बोलावलं. त्यांनी कार्यकर्त्यांच्या रोजच्या जेवणाला आण्यांत मोजून रक्कम ठरवली आणि तिच्या वर पैसा द्यायचा नाही असा नियम केला. मग खुद्द गांधीजी आपल्या मंडळींसह पाटण्याला आले. त्यांचा खर्च या नियमात बसेना. कुमारप्पांनी स्पष्ट कळवलं की रिलीफ फंडातून तुमच्या लोकांचं जेवण आणि पेट्रोल होणार नाही, तुमचं तुम्ही बघा. गांधीजींनी ते मुकाट्याने मान्य केलं. आपल्या गॅदरिंग कमिटीला असा एक खजिनदार मिळाला पाहिजे!

आता वर्धा. १४ डिसेंबर १९३४ ला वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि कुमारप्पा त्याचे सेक्रेटरी झाले. जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि बंगला दिला. मगनलाल गांधींच्या नावावरून तिचं नाव पडलं मगनवाडी. आपण ज्याला आज आर अँड डी म्हणतो ते तिथे चालायचं, फक्त एसी नव्हता. तेलघाणी सुधारणं, हातकागद, मधमाश्या, ताडगूळ, कंपोस्ट, बिनधुराची चूल. चुलीचं नाव मगनचूल. आणि दिव्याचं नाव मगनदीप.

मगनदीपावर जरा थांबते, कारण त्यात आपल्या कामाची गोष्ट आहे. खेड्यात तेव्हा रॉकेलचे कंदील होते. रॉकेल बाहेरून यायचं, त्याचा पैसा गावाबाहेर जायचा. उलट गावाच्या शिवारात बियांचं तेल पडून होतं. मग कंदिलात तेच का नाही टाकायचं? टाकून बघा, कंदील विझतो. रॉकेल पातळ, ते वातीतून सरसर वर चढतं, म्हणून टाकी खाली आणि ज्योत बरीच वर असली तरी चालतं. वनस्पती तेल घट्ट. केशाकर्षणाने ते थोडंच वर चढतं, वात कोरडी पडून जळते आणि काजळी धरते. म्हणजे तेलाची पातळी ज्योतीजवळ ठेवावी लागणार आणि हवेचा मार्गही बदलावा लागणार. मगनवाडीत वनस्पती तेलावर चालणारा दिवा तयार झाला तो असले प्रश्न सोडवूनच. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरला पाच मार्कांचा प्रश्न आहे हा. फक्त तो पाच मार्कांसाठी सोडवलेला नव्हता.

३० डिसेंबर १९३८ ला मगन संग्रहालयाचं उद्घाटन गांधीजींच्या हस्ते झालं. ते आजही वर्ध्यात आहे. आणि आपल्या नागपूरशी पण कुमारप्पांचा थेट संबंध आहे. मध्यप्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष होते. शेकडो खेडी पालथी घालून केलेला तिचा अहवाल १९३९ मध्ये नागपुरातच छापला गेला. जंगल कुणाला मिळतं, खनिज कुठे जातं, रस्ता गावात माल आणतो की गावातला माल बाहेर ओढून नेतो, असले प्रश्न. शेवटचा प्रश्न मला भारी वाटला. आपण रस्ता म्हणजे विकास एवढंच शिकलो.

आता ज्या कारणासाठी मी त्यांच्यापर्यंत पोचले ते सांगते, नाहीतर ह्या मुलीला अचानक गांधीवाद कुठून सुचला असं वाटेल.

आम्हा चौघांचा मिनी प्रोजेक्ट होता टाकाऊ प्लॅस्टिकपासून ट्रायबोइलेक्ट्रिक जनरेटर. नाव मोठं, वस्तू लहान. कंगवा केसावर घासला की कागदाचे कपटे उचलतो, तोच प्रकार. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना टेकले की एकाकडचे इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात. दूर केले की मधे व्होल्टेज तयार होतं. मागे धातूचा पापुद्रा लावला की बाहेरच्या सर्किटमधून करंट वाहतो. परत टेकवा, करंट उलटा. अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये झोंग लिन वांग यांच्या गटाने २०१२ मध्ये यावर पहिलं उपकरण जाहीर केलं. गंमत म्हणजे यात इलेक्ट्रॉन धरून ठेवायला उपयोगी पडणारे काही पदार्थ तेच, जे भांडेवाडीच्या ढिगात पडलेले असतात. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन, बाटलीचं पेट. आम्ही मेसमधल्या दुधाच्या पिशव्या धुवून घेतल्या, चिप्सच्या पाकिटाची आतली चकचकीत बाजू इलेक्ट्रोड म्हणून वापरली, समोर फाटक्या छत्रीचं नायलॉन. बर्डीवरून चार डायोड आणि दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणला. एकूण खर्च दोन प्लेट तर्री पोह्यांपेक्षा कमी.

एप्रिलच्या कोरड्या हवेत एका थापेला एलईडी लुकलुकायचा. ऑगस्टमध्ये ठार मेला, कारण दमट हवेत चार्ज पृष्ठभागावरून निसटून जातो. मग सगळा जोड दुसऱ्या पिशवीत सील केला, आत बुटाच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी टाकली. परत चालू! आम्ही खूश. मग रिव्ह्यूला विचारलं गेलं, आउटपुट किती? जवळपास दोनशे थापांनंतर कपॅसिटर तीन व्होल्टला येतो. ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले सी गुणिले व्होल्टेजचा वर्ग, म्हणजे ४५ मायक्रोज्यूल. विजेचं एक युनिट ३६ लाख ज्यूलचं. ते जमवायला कपॅसिटर आठ हजार कोटी वेळा भरावा लागेल. वर्गात जो हशा झाला तो मी विसरणार नाही. एक पर्याय पण सुचवला गेला, प्लॅस्टिक वितळवून इंधन काढा, त्यात खरी ऊर्जा आहे. ते खोटं नाही. याच नागपुरात प्रा. अलका झाडगावकर यांनी प्लॅस्टिक कचऱ्यापासून इंधन काढण्याची पद्धत शोधली होती आणि बुटीबोरीला त्याचा प्लांटही उभा राहिला होता. पॉलिथिनची उष्णता किलोला ४३ मेगाज्यूलच्या आसपास, डिझेलच्या तोडीची. एक ग्रॅम पिशवीतली उष्णता आमच्या कपॅसिटरच्या ९५ कोटी भरण्यांएवढी! ग्रुपमधले दोघं म्हणाले विषय बदलू. आमचं चांगलंच वाजलं. दोन दिवस आम्ही मेसमध्ये वेगळ्या टेबलांवर जेवलो.

त्याच आठवड्यात एनएसएसची वर्धा ट्रिप होती आणि तिथून मी कुमारप्पांचं 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' आणलं. १९४२ च्या लढ्यात त्यांना अटक झाली. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी हे पुस्तक लिहिलं, ते १९४५ मध्ये निघालं. येशूच्या शिकवणीवरचं पुस्तकही तिथलंच. गांधीजींनी गमतीने त्यांना डॉक्टर ऑफ व्हिलेज इंडस्ट्रीज ही पदवी बहाल केली, ती बहुतेक जगातली एकमेव असावी.

पुस्तकात त्यांनी निसर्गातल्या अर्थव्यवस्था सांगितल्या आहेत. वाघ मारून खातो. माकड आपण न लावलेल्या झाडाची फळं पळवतं. पक्षी स्वतःचं घरटं स्वतः बांधतो. मधमाशी सगळ्या पोळ्यासाठी जमवते. आणि पिलांना भरवणारी आई परतफेडीचा विचारच करत नाही. माणूस या पायऱ्यांवर कुठे बसतो ते आपण ठरवायचं. पण मला महत्त्वाचा वाटला तो त्यांचा दुसरा भेद. साठा आणि प्रवाह. कोळसा, पेट्रोल, खनिज हा साठा, उपसला तेवढा कमी होणार आणि त्याच्यासाठी भांडणं, युद्धं होणार. ऊन, वारा, वाहतं पाणी, झाडं, माणसाचे आणि जनावराचे श्रम हा प्रवाह, तो रोज नव्याने येतो. ज्या समाजाचं घर साठ्यावर चालतं तो भांडवल खाऊन जगतो, आणि कुठलाही अकाउंटंट सांगेल की त्याचं पुढे काय होतं. हे १९४५ मध्ये! रिन्यूएबल हा शब्द सिलॅबसमध्ये यायच्या कितीतरी आधी.

आता आमच्या पिशवीला हे लावून बघितलं. प्लॅस्टिक म्हणजे साठाच, तेलाचा. जाळलं किंवा इंधन केलं की साठा एकदाच खर्च होतो. चूल पेटते, पण दुसऱ्या दिवशी परत प्लॅस्टिक पाहिजे, म्हणजे कचऱ्याचीच भूक लागते. आमच्या जोडणीत पिशवी जळत नाही, ती नुसतं पात्र होते. ऊर्जा येते ती पावलातून, दाराच्या उघडझापीतून, वाऱ्यातून. रोजच्या प्रवाहातून. म्हणजे ४५ मायक्रोज्यूलची तुलना युनिटशी करणं हेच चुकीच्या खात्यात नोंद टाकणं आहे. तुलना करायची ती बटनसेलशी. दार उघडलं एवढंच कळवायला जो छोटा सेन्सर लागतो, त्याचा सेल संपला की आपण तो पण फेकतो. तो एक सेल वाचला तर हिशेब जमला. अर्थात नायलॉन झिजतं, सील उसवतं, मग तो तुकडा परत कचराच. तेही वहीत लिहिलं पाहिजे, कुमारप्पांनी सोडलं नसतं. पुढच्या रिव्ह्यूला आम्ही दोन्ही बाजूंचे आकडे लावून गेलो. प्रोजेक्ट बदलला नाही. ग्रुप मात्र तिघांचा राहिला.

कुमारप्पांचं सगळं मला पटतं असं नाही. मोठ्या यंत्रांबद्दल त्यांचा संशय इतका होता की त्यांच्या गावात आपल्या मेकॅनिकलच्या निम्म्या वर्गाला प्लेसमेंट मिळाली नसती. आणि मे महिन्यात ४६ डिग्रीला डोक्यावर जो पंखा फिरतो तो कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावर, म्हणजे साठ्यावरच. तो बंद करून प्रवाहाचं तत्त्वज्ञान वाचायची माझी तयारी नाही. खेड्यातल्या जातींबद्दलही त्यांनी जितकं कठोर ऑडिट करायला हवं होतं तितकं केलं नाही असं मला वाटतं. ज्याला सगळ्यांचा मैला आणि मेलेली ढोरं उचलावी लागत होती, त्याला ग्रामोद्योग हा शब्द वेगळाच ऐकू येत असणार. ते काम कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी थेट हाताने केलं, कणकवलीच्या गोपुरीत. तो वेगळ्या लेखाचा विषय.

पण किंमत मोजण्यात कुमारप्पा कुठे मागे हटले नाहीत. नेहरूंच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय नियोजन समितीवर त्यांना घेतलं होतं. तिचा कल मोठ्या कारखान्यांकडे आहे हे दिसल्यावर थोड्याच महिन्यांत ते बाहेर पडले. स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या शेतजमीन सुधारणा समितीचे ते अध्यक्ष झाले. तिचा अहवाल १९४९ मध्ये आला. कसणाऱ्याकडे जमीन हवी हा त्याचा रोख. अहवालाची चर्चा झाली, अंमल फार कमी झाला. आपलीच माणसं सत्तेत, पदं वाटली जात होती, आणि कोलंबियाच्या पदवीवाला हा माणूस स्वतःच डिझाइन केलेला धोतीजामा घालून चुकीच्या योजनांवर लेख लिहीत होता. मित्र कंटाळले असतील. त्यांचा स्वभावही तापट होता, रक्तदाब कायमचा वाढलेला.

१९५० नंतर ते मगनवाडी सोडून वर्ध्याजवळच्या सेलडोहला गेले. तिथे शेती आणि ग्रामोद्योगाचा एक छोटा आश्रम सुरू केला, नाव पन्नै आश्रम. नागपूर-वर्धा रस्त्यावर आपण सेलडोहवरून किती वेळा गेलो असू, बसमधून मान वर करून बघितलंसुद्धा नाही. तब्येत साथ देईना तेव्हा तामिळनाडूत टी. कल्लुपट्टीच्या गांधीनिकेतन आश्रमात राहायला गेले. लग्न केलेलं नव्हतं, मालमत्ता नव्हती. ३० जानेवारी १९६० ला ते गेले, गांधीजींच्या पुण्यतिथीच्याच दिवशी.

वर्ध्यात मगनवाडीचं काम नंतर वेगवेगळ्या रूपांत चालू राहिलं. देवेंद्रकुमारांनी १९७६ मध्ये सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस सुरू केलं. मगनवाडीच्या आवारात आता महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, आणि तिथे आपल्यासारख्या मुलांना प्रोजेक्ट, इंटर्नशिप करता येते, हे मला तिथे गेल्यावरच कळलं. संग्रहालय स्टेशनपासून लांब नाही. सकाळच्या गाडीने गेलात तर दुपारच्या मेसपर्यंत परत येता येतं, फक्त जायच्या आधी सुट्टीचा वार विचारून घ्या.